कागदावरची सवत

आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या दारामागे वाळूनं भरलेली एक बादली असायची. कॉलनीतली बाई पहिल्यांदा घरी आली की ती बादली बघून विचारायची, "बांधकाम काढलंय का हो?" आमचे हे साखर कारखान्यात वायरमन होते आणि त्यांना आगीची भीती वाटायची, हे नव्या नवरीनं कुठल्या तोंडानं सांगावं? मी सांगायची, "मांजरासाठी आहे." आमच्याकडे मांजर नव्हतं.

अडुसष्ट-एकोणसत्तरचे दिवस. देवळाली प्रवराच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात कारखान्याची कॉलनी आणि तिच्यात आमच्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत जितके नियम होते तितके कारखान्यातही नसतील. स्टोव्हला पिन करताना पदर कमरेला खोचायचा. रॉकेल भरायचं ते स्टोव्ह पार गार झाल्यावरच, आणि रॉकेलचा डबा कडी असलेल्या कपाटात. वीज गेली की सगळी कॉलनी चिमण्या लावायची. आम्ही बॅटरी घेऊन बसायचो, कारण रॉकेलची चिमणी त्यांनी घरात येऊच दिली नाही. मुलगी झाल्यावर तर कहर झाला. थोरल्या जाऊबाईंनी तिच्यासाठी हौसेनं नायलॉनचा फ्रॉक आणला, तेव्हा त्याची फॅशन होती. यांनी तो बोटांत चुरगळून बघितला आणि परत दिला. "सुती असता तर ठेवला असता, वहिनी." जाऊबाई वर्षभर आमच्याकडे जेवल्या नाहीत.

मी चिडून म्हणाले, "मला वाटलं होतं माझं लग्न वायरमनशी झालंय. हे तर आगीच्या बंबाशी झालं."

ते हसले नाहीत. एरवी ते फार हसायचे, माझ्या तिखट बोलण्यावर तर जास्तच. या एका बाबतीत हसायचे नाहीत. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी कारण विचारलं नाही. विशीत माणसाला वाटतं, विचारायला अख्खा जन्म पडलाय.

विम्याचं तर लग्नाच्याही आधीपासूनचं. साखरपुड्याच्या पंगती उठत होत्या आणि यांनी बोलावलेले विम्याचे मास्तर कागद घेऊन मांडवात हजर झाले. हे मास्तर शाळेत शिकवायचे आणि फावल्या वेळात लोकांचे विमे उतरवायचे. साखरपुड्याच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या तोंडी मरणाची भाषा! माझे आबा शांत माणूस, पण तेही म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." सगळे हसले. हे कोपऱ्यात सतरंजीवर बसून सह्या करत राहिले. वारस म्हणून कुणाचं नाव घालू, असं मास्तरांनी विचारलं तर यांनी माझं सांगितलं.

"अहो, लग्न तर होऊ द्या," मास्तर म्हणाले, "मग लिहू."

"आत्ताच लिहा."

मग तेव्हा माझं जे नाव होतं ते, पुढे आबांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव असं सगळं लिहिलं गेलं, आणि नात्याच्या रकान्यात 'होणारी पत्नी'. आबांनी मला आत येऊन सांगितलं, "पोरी, माणूस जरा विचित्र आहे. पण तुला उघड्यावर टाकणार नाही."

दोन महिन्यांनी लग्न झालं आणि लग्नात माझं नाव बदललं.

आमच्याकडची ती रीतच. आडनाव तर जातंच, पण पुष्कळ घरांत पहिलं नावही जातं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, ते सगळ्यांना सांगतात, पेढे वाटतात. आदल्या दिवसापर्यंत जिला एका नावानं हाक मारत होते ती दुसरीच कुणी होऊन मांडवातून निघते. हल्लीच्या मुली ऐकत नाहीत, बरं करतात. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. तिनं ठेवलेलं नाव ही तिच्याकडून मला मिळालेली एकच गोष्ट होती. ताटापुढे बसल्यावर मी हळूच म्हणाले, "तेच राहू दे ना." ते खाली बघत म्हणाले, "आईला चालणार नाही." सासूबाईंबद्दल माझ्या मनात पहिली अढी बसली ती तिथं, त्या तांदळांपाशी.

लग्नानंतर वर्षभरात आबाही गेले. मी त्यांची एकुलती एक. त्यांच्यामागं मला जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

एकदा पेटी आवरताना विम्याचा कागद हाताला लागला. मी म्हणाले, "अहो, यावर अजून माझं पहिलंच नाव आहे. बदलून घ्या की." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी नीट घातली आणि परत पेटीत ठेवला. "असू दे. तीही तूच आहेस." मला ते बोलणं गोड वाटलं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

बहात्तर साली पाऊस पडला नाही. ऊस जागेवर वाळला, कॉलनीत पाण्याचा टँकर यायला लागला. घरात आम्ही पाणी उकळून, गाळून प्यायचो, तोही नियमच. पण कामावर सगळे ज्या माठातलं पाणी प्यायचे त्यातलंच तेही प्यायचे. दिवाळीच्या आधी त्यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ. गावठी औषध झालं, मग दवाखाना झाला. अकराव्या दिवशी ते गेले. ते बत्तीस वर्षांचे होते, मी चोवीस आणि मुलगी तीन. ज्या माणसानं विजेचा, आगीचा, सापाचा, विहिरीचा सगळ्याचा बंदोबस्त करून ठेवला होता, त्याला पाण्यानं नेलं. मला तेव्हा रडण्याआधी राग आला. कुणावर ते कळत नव्हतं.

त्यानंतरचे महिने मी कुणाला नीट सांगितलेले नाहीत. कॉलनीतल्या बायका वाईट नव्हत्या. आधी आठ दिवस डबे आले, मग दर दोन दिवसांनी, मग बंद झाले. संक्रांतीला समोरच्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकू होतं. बायका माझ्या दारावरून नटूनथटून गेल्या आणि मला संकोच वाटू नये म्हणून मान वळवून गेल्या. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एक मुलगीच, आणि तिचं बोलणं म्हणजे 'बाबा कधी येणार.' मी मात्र पदर खोचूनच स्टोव्ह पेटवायची. ते नसताना त्यांचे नियम मोडायचं धाडस होईना.

क्वार्टर सहा महिन्यांत सोडायचं होतं. पुढे दोनच वाटा होत्या. मी मॅट्रिक झाले होते. नगरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं, दोन वर्षं एखादी खोली घेऊन मुलीला जवळ ठेवायचं आणि मग नोकरी धरायची, ही एक. ती विम्याच्या पैशांवर अवलंबून होती. दुसरी वाट म्हणजे थोरल्या भाऊजींच्या घरी जाऊन राहायचं. दिराच्या घरातली विधवा भावजय म्हणजे काय असतं ते मी लहानपणी शेजारी बघितलं होतं. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर जेवायचं, आणि आपल्या पोरीनं दुसऱ्यांदा भाजी मागितली की आपणच तिला डोळे वटारायचे. मला मुलीला डोळे वटारायचे नव्हते.

मी कागद घेऊन नगरच्या विम्याच्या ऑफिसात गेले. टेबलामागचा माणूस सभ्य होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कागद बघत विचारलं, "या बाई कुठे आहेत?"

"कुठल्या?"

त्यानं माझं माहेरचं नाव वाचलं. परक्या माणसाच्या तोंडून ते नाव ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "मीच ती."

"पण तुमच्या रेशनकार्डावर तर वेगळंच नाव आहे."

मी शाळेचा दाखला पुढे केला. त्यावर फोटो नव्हता. लग्नपत्रिका दाखवली. तो म्हणाला, "बाई, रागावू नका. साखरपुडा झाला एकीशी, पत्रिका छापली एकीची, आणि संसार केला दुसरीनं, असं हे कागद सांगतात. पहिलीशी लग्न मोडलं असेल, ती वारली असेल, आम्हाला काय माहीत? उद्या ती दारात उभी राहिली तर?"

लग्नात नाव बदलतात हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या बायकोचंही बदललं असणार. पण त्याला कागद हवा होता, आणि कागदावर मी माझीच सवत झाले होते. त्यानंच मार्ग सांगितला. नवऱ्याच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी तहसीलदारापुढं शपथेवर सांगायचं, की या दोन नावांची बाई एकच. माहेरच्यांचं चालणार नाही, असंही तो म्हणाला. माहेरी होतं कोण?

मी तशीच गावी भाऊजींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "कशाला एवढी दगदग करता? वारस सापडंना म्हनलं की पैसं आईच्या नावावर येत्यात. आई काय परकी हाय? तुमाला काय उपाशी ठेवनार हाय का आमी?"

ते मनापासून बोलत होते. म्हणून मला जास्त भीती वाटली. भांडणाऱ्या दिराशी भांडता येतं.

उरल्या सासूबाई. त्या ओसरीवर रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले. "आत्याबाई, माझं एक काम करा. तहसीलदारापुढं एवढंच सांगायचं, की माझं लग्नाआधीचं नाव हे होतं." आणि मी ते नाव उच्चारलं. त्या घरात पहिल्यांदाच.

सुपातला हात थांबला. "ते नाव या घरात घ्येऊ नगं."

चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं उफाळून आलं. "का घेऊ नको? माझ्या आईनं ठेवलेलं नाव आहे. तुम्ही ते काढून घेतलंत. आता तेवढं एक परत मागते आहे, तर तेही नाही? माझं नाव आहे ते!"

"तुजं न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीचं हाय."

यांना एक धाकटी बहीण होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची. दिवेलागणीला आत्याबाई गोठ्यात धार काढत होत्या आणि यांना, दहा वर्षांच्या मुलाला, सांगितलं होतं की बहिणीकडं लक्ष ठेव. हे अंगणात गोट्या खेळायला गेले. आत कोनाड्यातली चिमणी कलंडली आणि पोरीच्या झग्यानं पेट घेतला.

"घरात पानी बी न्हवतं," आत्याबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "त्यानं हातानंच इजवलं. पर उशीर झाल्ता. त्या दिसापास्नं ते नाव कुनी घ्येतलं न्हाई. तुला बघून आला तवा मला म्हनला, आई, पोरीचं नाव तेच हाय. मी म्हनलं, मंग दुसरी बघ. तर म्हनला, न्हाई. करीन तर हीच."

यांच्या तळहातांवर डाग होते. मला वाटायचं, कारखान्यातले. त्या हातांनी मला हळद लावली होती, मुलीला जोजवलं होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

मला कीव यायला हवी होती. आलीही, पण नंतर. आधी आलं ते वेगळंच. मला वाटत होतं की ती सगळी काळजी माझ्यासाठी होती. तो विमा, ती वाळू, ते 'आत्ताच लिहा'. त्या ओसरीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की त्या माणसानं कागदावर माझं नाव लिहिलं की तिचं? 'तीही तूच आहेस' म्हणाले, तेव्हा डोळ्यांपुढे कोण होतं? ते गेल्यापासून मी एकटी होते, पण निदान माझ्यावर कुणाची तरी माया होती हे तरी जवळ होतं. तेही कुणी हातातून काढून घ्यावं तसं झालं. मी एका सहा वर्षांच्या मेलेल्या पोरीचा मत्सर केला. खोटं कशाला सांगू?

"आनि मी सांगितलं," आत्याबाई म्हणाल्या, "तर तू पैसं घ्येनार, नगरला जानार. नातीला बी नेनार. मंग माज्यापशी काय ऱ्हायलं?"

"नेणार," मी म्हणाले. त्यांना फसवायची माझी छाती झाली नाही.

मी परत आले आणि सामान बांधायला काढलं. भाऊजींकडे जायचं, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. भांडी पोत्यात भरली. मुलीला सांगितलं की आता आपण मोठ्या घरात राहायला जायचं, तिथं म्हशी आहेत. ती टाळ्या वाजवायला लागली आणि मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. गावातल्या कुणाची तरी उसाची गाडी कारखान्याला निघाली होती, तिच्यावर बसून आत्याबाई आल्या होत्या. हे असतानाही त्या क्वार्टरवर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी पाणी घेतलं, नातीला मांडीवर घेतलं, आणि मग उठून घर बघायला लागल्या. रॉकेलच्या कपाटाची कडी. उंचावर बसवलेली बटणं. खुंटीवरची बॅटरी. स्वयंपाकघराच्या दारामागची बादली बघून त्यांनी विचारलं, "ही वाळू कशाला?"

"आग लागली तर. त्यांनी भरून ठेवली होती."

आत्याबाई बादलीजवळ खाली बसल्या. त्यांनी वाळूत हात घातला, मूठभर वर काढली, पुन्हा आत सोडली. असं बराच वेळ करत राहिल्या. "मी त्याला कदी बोलले न्हाई," त्या म्हणाल्या, "तुजा दोस न्हाई म्हनून. मनात हुतं. त्वांडातनं निघालं न्हाई."

मग हात झटकून म्हणाल्या, "उद्या जाऊ राहुरीला."

तहसील कचेरीत आमचा नंबर यायला दुपार झाली. साहेबांनी आत्याबाईंना शपथ दिली आणि विचारलं, "आजी, या बाई तुमच्या कोण?"

"सून. धाकल्याची."

"लग्नाआधी यांचं नाव काय होतं?"

आत्याबाई गप्प. मी तोंड उघडलं तर कारकून म्हणाला, "तुम्ही बोलायचं नाही, बाई. त्यांना सांगू द्या." साहेबांनी पुन्हा विचारलं. आत्याबाईंनी टेबलाची कड धरली होती. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या मिटलेल्या ओठांत अडकलं होतं आणि तरी मला वाटलं, नको, राहू दे, चला घरी. इतकं ते बघवत नव्हतं.

मग त्यांनी नाव घेतलं. पुटपुटल्यासारखं.

"जरा मोठ्यानं, आजी. लिहून घ्यायचंय."

त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं ते एवढ्या मोठ्यानं, की व्हरांड्यातले अर्ज लिहिणारे आत डोकावले.

"आणि ती मुलगी म्हणजे याच बाई?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "हीच ती." आणि अंगठा पुढे केला.

पैसे पुढे चार महिन्यांनी आले. मी नगरला खोली घेतली, ट्रेनिंग केलं, मुलगी माझ्याजवळ वाढली. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. आत्याबाई गावीच राहिल्या. मी सुट्टीत जायची. त्या नातीला जवळ घेऊन बसायच्या, माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्या नावाचा विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही. यांनी कुणासाठी काय केलं, याचा हिशेब मी पुष्कळ वर्षं मनात करत राहिले. तो लागला नाही. एकटेपण म्हणतात ते माझ्यापुरतं तरी हेच होतं, की हे ज्याला विचारायचं तो माणूसच नव्हता.

पण त्या दुपारी, कचेरीतून निघाल्यावर आम्ही राहुरीच्या एस.टी. स्टँडवर गेलो. आत्याबाईंना बाकावर बसवून मी गाडीची चौकशी करायला खिडकीशी गेले. दुष्काळी कामावर निघालेल्या माणसांची ही गर्दी. मी त्यांना दिसेनाशी झाले असणार. मागून हाक आली. नव्या नावाची नाही, जुन्या. आबा गेल्यापासून मला त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. मी वळले. आत्याबाई बाकावरून उठून उभ्या होत्या, दोन्ही हात पुढे केलेले, आणि पुन्हा पुन्हा हाका मारत होत्या, सहा वर्षांचं पोर हरवल्यावर आई मारते तशा. लोक बघत होते. त्या हाका मला नव्हत्या, हे मला स्वच्छ कळत होतं. पण त्या नावाला ओ देणारं दुसरं कुणी या जगात नव्हतं.

"ओ," मी म्हणाले. "आले, आई."